दुरून येणारा धडा आणि शिकणाऱ्याचा अभिप्राय

दुरून शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला मागच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावरची आठी दिसते. मग तो थांबतो, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो, उदाहरण बदलतो. छापील धडा, नभोवाणीचा कार्यक्रम, दूरचित्रवाणीवरचा पाठ आणि आता इंटरनेटवरचा व्हिडिओ यांना ही सोय नाही. धडा एकदा तयार झाला की तो हजारो जणांकडे जसाच्या तसा जातो आणि त्यातली चूकही हजारो जणांकडे जाते. ती चूक हाती लागायची तर शिकणाऱ्याकडून काही तरी उलट यावे लागते आणि ते येण्याची वाट कोणी तरी मुद्दाम तयार करावी लागते. पुणे जिल्ह्यात आणि एकूण महाराष्ट्रात अशी वाट तयार करण्याचे प्रयत्न संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून झालेले आहेत.

वेबसाइटचा कोड लिहायला शिकवणाऱ्या ऑनलाइन धड्यांमुळे हा विषय आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. मुळशी तालुक्यात तो दोन्ही टोकांनी दिसतो. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या जमिनींवर एमआयडीसीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट, टेक महिंद्रा अशा कंपन्यांमुळे इथे दररोज लाखो माणसांची ये-जा असते. पश्चिमेला ताम्हिणीपर्यंत सह्याद्रीचे डोंगर, धरणाचे पाणी आणि भातखाचरे आहेत. एकाच तालुक्यात वेबसाइट तयार करणारे अभियंते आहेत आणि ते काम मोबाइलवरच्या व्हिडिओतून शिकू पाहणारी मुले-मुलीही आहेत. शिकवण्याची कुवत आणि शिकण्याची गरज यांत अंतर तासाभराच्या एसटी प्रवासाचे आहे, पण धडा दुरून येत असल्याने शिकणाऱ्याची अडचण शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

ही अडचण कशी असते हे एका साध्या उदाहरणावरून कळते. वेबपानाच्या पहिल्याच धड्यात सांगतात की नोटपॅड उघडा, चार ओळी लिहा आणि फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाने सेव्ह करा. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचे शेपूट सहसा लपवलेले असते आणि नोटपॅड आपल्या मनाने नावामागे 'डॉट टीएक्सटी' जोडतो. शिकणाऱ्याला पडद्यावर नाव बरोबर दिसते, पण ब्राउझरमध्ये पानाऐवजी लिहिलेला कोडच उमटतो. तो त्या चार ओळी पुन्हा पुन्हा तपासतो. ओळींत चूक नसतेच. धडा करणाऱ्याच्या संगणकावर शेपटे दिसण्याची सोय वर्षानुवर्षे चालू असल्याने त्याला असे काही होते हे आठवतही नाही. सेव्ह करताना खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडा, एवढे एक वाक्य धड्यात घातले की अडचण संपते. ते वाक्य घालायचे कसे सुचणार, हा या साऱ्या इतिहासाचा प्रश्न आहे.

या प्रश्नावरचा एक मोठा, पद्धतशीर प्रयोग पुण्यातच झाला आणि तो शेतीच्या धड्यांचा होता. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालत. शेजारपाजारचे शेतकरी एका घरी जमून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले मत लिहून प्रांतिक कार्यालयाला पाठवत. त्या मतांचा गोषवारा पुढे कार्यक्रमातून सांगितला जाई. युनेस्कोने ही कल्पना भारतात करून पाहायची ठरवली आणि त्यासाठी आकाशवाणीच्या पुणे केंद्राची निवड झाली. १९५६ च्या फेब्रुवारीत प्रयोग सुरू झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे त्यात घेतली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे श्रोतृमंडळ होते, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस होता.

कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि मंडळ बोलायला बसे. ऐकलेले कितपत पटले, आपल्या गावात ते जमेल का, कुठे शंका आहे, हे चिटणीस लिहून घेई आणि ते टिपण पुण्याला जाई. पुढच्या कार्यक्रमांत गावांकडून आलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. आपल्या गावाने विचारलेली शंका रेडिओवरून ऐकू येणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पत्र पाठवले आणि उत्तर आले, म्हणून पुढचे पत्र गेले. अभिप्राय मागणाऱ्या प्रत्येकाने यातून घ्यावी अशी गोष्ट आहे: माणूस दुसऱ्यांदा अभिप्राय देतो तो पहिल्याचे काही झालेले दिसले तरच.

या प्रयोगाचे मोल त्याच्या तपासणीमुळे आणखी वाढले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ती केली. तेव्हा संस्थेत अभ्यागत प्राध्यापक असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ तिचे प्रमुख होते. न्यूराथ आणि आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी मिळून लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणी करताना केवळ मंडळांना विचारून भागवले नाही. ज्या गावांत रेडिओ आहे पण मंडळ नाही आणि ज्या गावांत रेडिओही नाही, अशा गावांतल्या लोकांनाही प्रयोगाच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले गेले. मंडळातल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती थोडी होती आणि रेडिओ नसलेल्या गावांत नगण्य. धडा कानावर पडणे वेगळे आणि त्यावर बोलून, शंका कळवून तो पचवणे वेगळे, हे यातून पुराव्यानिशी समोर आले. काही गावांत मंडळे गावाच्या कामांचे निर्णयही घेऊ लागली, हे न्यूराथ यांनी विशेष म्हणून नोंदवले आहे.

यश पाहून १९५९ च्या नोव्हेंबरात सरकारने ही योजना देशभर नेली. मंडळे हजारोंनी वाढली आणि तिथेच ती सैल झाली. पुण्याच्या प्रयोगात गावांकडे जाऊन पाहणारे, टिपणे वाचणारे आणि उत्तरे तयार करणारे लोक नेमलेले होते. देशभर मंडळांची संख्या वाढली, पण टिपणे वाचणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. अनेक मंडळे कागदावरच राहिली. अभिप्राय गोळा करणे सोपे आणि वाचणे महाग असते. ही गोष्ट पुढे प्रत्येक माध्यमात पुन्हा अनुभवाला आली.

दूरचित्रवाणीच्या काळात निराळी पद्धत पुढे आली. १९७५-७६ च्या 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण त्या वेळी इस्रोच्या समाजशास्त्रज्ञांनी रुजवलेली सवय महत्त्वाची आहे: कार्यक्रम प्रसारित होण्याआधीच तो थोड्या प्रेक्षकांना दाखवून त्यांना काय समजले ते पाहायचे आणि मग सुधारायचा. शिक्षणशास्त्रात अशा तपासणीला नाव त्याआधीच मिळाले होते. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये दोन प्रकारचे मूल्यमापन वेगळे करून दाखवले. एक काम पूर्ण झाल्यावर निकाल देणारे आणि दुसरे काम घडत असताना ते घडवणारे. पुण्यात १९८४ मध्ये विद्यापीठाचे शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र आणि सेनापती बापट रस्त्यावरची बालचित्रवाणी अशा दोन संस्था सुरू झाल्या. शैक्षणिक चित्रफिती करणारी माणसे, यंत्रे आणि त्यांचा अनुभव या दोन ठिकाणांमुळे शहरात साचत गेला.

संगणकाचे शिक्षण पुण्यात वाढले ते मात्र वर्गातच. १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना झाली, १९९१ मध्ये तिचा 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला आणि १९९३ मध्ये सी-डॅकची प्रशिक्षण शाळा 'अॅक्ट्स' सुरू झाली. तिचा सहा महिन्यांचा प्रगत संगणन अभ्यासक्रम ही पुढे सॉफ्टवेअर कंपनीच्या दारापर्यंत नेणारी ओळखीची वाट झाली. त्याच दशकात डेक्कन, कर्वे रस्ता, शिवाजीनगर भागात खासगी क्लासेसची दाटी झाली. तिथे अभिप्रायाची वेगळी यंत्रणा नव्हती आणि तिची फारशी गरजही नव्हती. 'अमक्या सरांची बॅच घे' हा सल्ला एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाई आणि जे शिकवणे समजत नसे ती बॅच रिकामी होई. प्रयोगशाळेत शेजारच्या संगणकावर बसलेला मित्र चूक दाखवून देई. दुरून येणाऱ्या धड्यात नेमका हा शेजारचा मित्र हरवतो.

हिंजवडीतल्या कंपन्यांत नव्याने रुजू झालेल्यांचे प्रशिक्षण सुरू झाले तेव्हा अभिप्रायाचा फॉर्मही आला. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी भरायचा, एक ते पाच गुण देण्याचा हा फॉर्म जगभरच्या कंपन्यांत सारखाच असतो. त्यामागची मूळ कल्पना डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांची. शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले ही पहिली पायरी. तो खरोखर काय शिकला ही दुसरी. कामाच्या जागी त्याचे वागणे बदलले का ही तिसरी. आणि संस्थेला फळ काय मिळाले ही चौथी. कर्कपॅट्रिक यांनी चारही पायऱ्या चढायला सांगितल्या होत्या, पण बहुतेक ठिकाणी पहिलीवरच मुक्काम पडतो, कारण ती स्वस्त आहे. प्रशिक्षक मंडळींत या फॉर्मला 'हॅपी शीट' म्हणतात. खोली थंड होती, जेवण बरे होते, सर हसतमुख होते, याचे गुण त्यात सहज मिसळतात. 'पाचपैकी चार' या आकड्यावरून धड्यातले कोणते वाक्य बदलायचे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि धडा सुधारण्यापुरते पाहिले तर हा फॉर्म जवळपास निरुपयोगी आहे.

संगणकाचा ऑनलाइन धडा खेड्यापाड्यांत पोहोचला तो एमएस-सीआयटीमुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल २००१ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि २००२ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत केंद्रे उघडली, धडे मराठीतही मिळू लागले आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने घेतली. संगणकाच्या पडद्यावरूनच शिकवणारी 'एरा' ही त्यांची पद्धत होती: आधी कृती पाहायची, मग स्वतः करायची, मग प्रश्नांची उत्तरे द्यायची. धड्यागणिक गुण नोंदले जात. कोणत्या भागात लोक अडतात याचा अंदाज आता चिटणिसाच्या टिपणाशिवाय, गुणांच्या आकड्यांतूनच बांधता येण्याजोगा झाला.

पण एमएस-सीआयटीची ताकद हीच तिची मर्यादाही होती. सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता लागते म्हणून लाखो लोक तिच्याकडे आले. प्रमाणपत्र हवे असलेला माणूस धड्याबद्दल तक्रार करत नाही. तो केंद्रातल्या शिक्षकाला विचारून पुढे जातो. अडचण तिथल्या तिथे सुटते, ही त्या माणसाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. केंद्रातल्या त्या शिक्षकांना धड्याच्या खाचाखोचा धडा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असणार हे उघड आहे. ते ज्ञान पद्धतशीर टिपून घेण्यासारखे होते.

कोड लिहिण्याच्या धड्यांसाठी सर्वांत नेटकी पद्धत बसवली ती पवईच्या आयआयटीमधल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने. केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याच्या मदतीने प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी हे काम उभे केले. लिनक्स, लिब्रेऑफिस, लॅटेक, सायलॅब, सी आणि सी++, जावा, पायथन, पीएचपी आणि मायएसक्यूएल अशा मुक्त सॉफ्टवेअरचे दहा-दहा मिनिटांचे धडे त्यांनी केले. धड्यात संगणकाचा पडदा दिसतो आणि त्यावर काय चालले आहे ते सांगणारा आवाज ऐकू येतो. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. पडद्यावरच्या आज्ञा इंग्रजीत राहतात, कारण कामाच्या जागी त्याच दिसणार असतात; आवाज मात्र मराठीसह देशातल्या अनेक भाषांत दिलेला असतो.

या धड्यांची रीत शिकणाऱ्याच्या अडचणीभोवती आखलेली आहे. रेकॉर्डिंगच्या आधी संहिता लिहितात. ती दोन रकान्यांची असते: डावीकडे पडद्यावर काय करायचे ते, उजवीकडे बोलायचे वाक्य. वाक्ये मुद्दाम आखूड ठेवतात. इंग्रजीतल्या वाक्याचे मराठीत किंवा तमिळमध्ये भाषांतर लांबते. मूळ वाक्य लांबलचक असेल तर चित्र पुढे सरकते आणि आवाज मागे राहतो. संहिता तयार झाली की ती ते सॉफ्टवेअर येत नसलेल्या माणसाकडे जाते. या टप्प्याला प्रकल्पात 'नॉव्हिस चेक' म्हणतात. नवशिक्याने संहिता वाचत, सांगितलेली प्रत्येक कृती आपल्या संगणकावर करून पाहायची. जिथे तो थांबेल तिथे संहिता अपुरी. त्याला समजावून सांगायचे नाही. संहिता दुरुस्त करायची. ही तपासणी उतरली की मगच रेकॉर्डिंग, नंतर विषयाच्या जाणकाराची आणि ध्वनिचित्राच्या दर्जाची तपासणी.

'डॉट टीएक्सटी'ची अडचण अशाच ठिकाणी सापडते. वेबचा कोड लिहिणाऱ्या जाणकाराने संहिता दहादा वाचली तरी ती त्याला दिसणार नाही. आपल्या संगणकावर आयुष्यात पहिल्यांदा नोटपॅड उघडणाऱ्या मुलीला ती पाच मिनिटांत दिसते. पीएचपीच्या धड्यातही असेच एक ठिकाण आहे. फाइल सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवून ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट'चा पत्ता टाकायचा असतो. नवशिका फाइलवर दोनदा क्लिक करतो, ती थेट उघडते, पण पीएचपी चालतच नाही. जाणकाराला हे इतके उघड वाटते की तो ते बोलून दाखवत नाही. एखाद्या विद्येत हात बसला की तिच्या पहिल्या पायऱ्या नजरेआड होतात, आणि नवशिक्याची तपासणी त्या पायऱ्या परत उजेडात आणते. या प्रकल्पाने केलेल्या कामांत सर्वांत मोलाचे काम हेच, असे म्हणायला हरकत नाही.

धडा शिकण्याचीही त्यांनी एक रीत घालून दिली. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडे ठेवायचे. थोडे पाहायचे, थांबवायचे, करायचे, पुन्हा पाहायचे. दहा मिनिटांच्या धड्याला असा अर्धा तासही जातो. कॉलेजांत कार्यशाळा घेताना विषयतज्ज्ञाची गरज नसते. संगणक, इअरफोन आणि शिस्त राखणारा एक संयोजक पुरतो. पण मग अडलेल्याने विचारायचे कोणाला? त्यासाठी प्रश्न विचारण्याची जी जागा केली तिच्यात एक बारीक पण फार महत्त्वाची अट आहे. प्रश्न लिहिताना धडा कोणता, कितवे मिनिट, कितवे सेकंद, हे निवडावे लागते. 'आउटपुट येत नाही' एवढ्याच प्रश्नाला उत्तर देणे कठीण असते. 'तिसऱ्या मिनिटाला, विसाव्या सेकंदाच्या सुमारास' असे कळले की उत्तर देणारा थेट त्या जागी जाऊन पाहू शकतो. एकाच सेकंदापाशी चार-पाच जण अडलेले दिसले, तर दोष त्यांचा नसून धड्याचा आहे हेही कळते. १९५६ च्या चिटणिसाच्या टिपणात मंडळाचे म्हणणे येई, पण कार्यक्रमातल्या कोणत्या वाक्यावर लोक चुळबुळले हे त्याला सांगता येत नसे. चित्रफीत मागे-पुढे करता येऊ लागल्यावर ते शक्य झाले.

कोडच्या धड्यांना शेतीच्या धड्यांपेक्षा एक जास्तीचा शाप आहे: ते फार लवकर जुने होतात. पीएचपीमधून डेटाबेसशी बोलण्यासाठी 'मायएसक्यूएल कनेक्ट' ही आज्ञा वर्षानुवर्षे शिकवली गेली. २०१३ मध्ये ती वापरू नका अशी सूचना आली आणि डिसेंबर २०१५ मधल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. त्याआधी केलेले असंख्य धडे त्या दिवशी न बदलता चुकीचे झाले. तसेच पायथनचे. दुसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट'नंतर कंस लागत नसे, तिसरीत तो लागतो. दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० ला संपला, पण जुने धडे इंटरनेटवर तसेच राहिले. जुना धडा पाहून शिकणाऱ्याला वाटते की चूक आपलीच. अशा वेळी शिकणाऱ्यांचे प्रश्न हाच धडा शिळा झाल्याचा पहिला इशारा असतो, आणि धडा करणारा ते प्रश्न वाचत नसेल तर त्याला तो कळतच नाही. म्हणून कोडचा धडा प्रसिद्ध करणे म्हणजे काम संपणे नव्हे. त्याची देखरेख करण्याची तयारी नसेल तर निदान धड्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वर्ष लिहून ठेवायला हवे.

न विचारता मिळणारा अभिप्राय हा अलीकडचा टप्पा. व्हिडिओ कोणत्या सेकंदाला थांबवला, कुठे मागे नेला, कुठे सोडून दिला, याची नोंद आपोआप होते. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आखूड व्हिडिओ, विशेषतः सहा मिनिटांच्या आतले, लोक जास्त लक्ष देऊन पाहतात हा त्यांतला सर्वांत गाजलेला. कृती करून दाखवणाऱ्या धड्यांबद्दलचे निरीक्षण मात्र जास्त उपयोगी आहे: असे धडे लोक सलग पाहत नाहीत, ठरावीक जागी पुन्हा पुन्हा परततात. म्हणून प्रत्येक पायरी सहज सापडेल अशी खूण धड्यात हवी. यूट्यूबवर मराठीतून कोडिंग शिकवणाऱ्यांनाही आपल्या धड्याचा असा आलेख पाहायला मिळतो.

या आलेखाला मर्यादा आहे. एखाद्या सेकंदाला शंभर जण मागे गेले, ते न समजल्यामुळे की तिथला कोड उतरवून घ्यायचा होता म्हणून, हे आलेख सांगत नाही. चौथ्या मिनिटाला निघून गेलेल्याचे काम झाले होते की धीर सुटला होता, हेही नाही. फॉर्म भरतो तो शेवटपर्यंत टिकलेला माणूस. प्रश्न विचारतो तो ज्याला प्रश्न शब्दांत मांडता येतो तो. ज्याने पहिल्याच धड्यात 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून फोन खाली ठेवला, त्याचे म्हणणे कुठेच नोंदले जात नाही, आणि धडा सुधारायचा तर सर्वांत जास्त कामाचे तेच असते. न्यूराथ यांनी मंडळाबाहेरच्या आणि रेडिओ नसलेल्या गावांनाही विचारले होते. आजच्या धड्यांच्या बाबतीत ते क्वचितच होते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: पाच माणसांना काम करताना शांतपणे पाहिले तर सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. नेमका टक्का प्रत्येक वेळी तोच येईल असे नाही, पण पाच माणसांत खूप काही कळते यात वाद नाही. हिंजवडीत वेबचे काम करणारे अनेक अभियंते हौसेने मराठीत धडे करतात. त्यांनी धडा प्रसिद्ध करण्याआधी एका रविवारी पौड, पिरंगुट, घोटवडे किंवा कोळवणच्या बाजूच्या, कोड कधीच न लिहिलेल्या पाच मुला-मुलींसमोर तो लावावा, त्यांच्याच फोनवर किंवा त्यांच्याच शाळेतल्या संगणकावर. मध्ये बोलू नये, मदत करू नये. कोण कुठे थांबले त्याचे मिनिट आणि सेकंद वहीत लिहावे आणि आल्यावर धडा दुरुस्त करावा. शिकणाऱ्यांनीही अडल्यावर 'होत नाही' एवढे न लिहिता धडा कोणता, मिनिट कितवे, आपण काय टाइप केले आणि पडद्यावर काय उमटले, या चार गोष्टी कळवाव्यात.